सहासष्ट नंबरची जर्सी

आमच्या वेल्बर्ग गावात धान्याची कोठारं सोडली तर सगळ्यांत उंच दिसतात ते कॉलेजच्या मैदानावरचे दिव्यांचे खांब. बाहेरगावचा माणूस त्या खांबांकडे बघत गावात शिरतो. आम्ही गावचे लोक मात्र मैदानाशेजारच्या जिमखान्याच्या तळघरातली एक बुटकी खिडकी बघतो. त्या खिडकीतून वाफ येत असली की समजायचं, अर्डिथ कोल्टरमन कामावर आली आहे.

एकतीस वर्षं तिने आमच्या फुटबॉल संघाचे कपडे धुतले आणि शिवले. लूप नदीच्या वळणावरच्या शेतात ती वाढली. सहा भावांमध्ये एकुलती बहीण. दहाव्या वर्षी ती भावांच्या विजारींना गुडघ्यावर ठिगळं लावायची, आणि ती ठिगळं विजारीपेक्षा जास्त टिकायची. सदुसष्ट साली तेव्हाच्या कोचने तिच्या भावाचा गुडघा पाहिला, म्हणजे विजारीचा गुडघा, आणि दुसऱ्या दिवशी फाटक्या जर्सींचं पोतं घेऊन तो तिच्या दारात उभा राहिला. तिचा नवरा गेलन रस्ते सपाट करायचं यंत्र चालवायचा. तो म्हणाला, "हंगामापुरतं कर, मग सोडून दे." गेलनला जाऊन अकरा वर्षं झाली. तिचा हंगाम काही संपला नाही.

आमच्या या अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन जो पळतो त्याचं नाव कर्ण्यावरून गर्जतं. त्याच्यासाठी वाट फोडणारे पुढच्या फळीतले पाच जण मात्र चेंडूला हातही न लावता खेळून म्हातारे होतात. त्यांचं नाव ऐकू येतं ते फक्त चुकले तर. अर्डिथचा जीव या पाच जणांवर. त्यांच्या जर्सी ती इतक्या घट्ट शिवायची की समोरच्याच्या चिमटीत कापड सापडू नये.

"मिस अर्डिथ, श्वास कुठून घेऊ?" एखादा नवा पोरगा लाल होऊन विचारायचा.

"नाकाने घे. बगलेतून कोण श्वास घेतं?"

"हात वर होत नाही हो!"

"वर करून कुणाला टाटा करायचाय? समोरच्याला ढकलायचंय ना? मग पुढे होतोय का बघ."

मी इर्विन. मका पिकवतो आणि हंगामात संघाची बस चालवतो. परगावच्या सामन्याला जाताना अर्डिथ माझ्या मागच्या बाकावर बसायची, मांडीवर शिवणाचा डबा, आणि शंभर मैलांत दहा वाक्यंही बोलायची नाही. तिच्या गप्प राहण्याची मला सवय होती. म्हणून त्या नोव्हेंबरात ती सलग बोलायला लागली तेव्हा मी घाबरलो.

तो अठ्ठ्याण्णव सालचा नोव्हेंबर. आमच्या फळीत थेरॉन शिमेक नावाचा मुलगा होता, मधल्या गड्याच्या डाव्या हाताला उभा राहणारा. तीनशे पौंडांचा देह आणि आवाज एवढासा. त्याची आई रोझली मांसाच्या कारखान्यात शनिवारीही पाळीला जायची, त्यामुळे मुलाचा एकही सामना तिने डोळ्यांनी पाहिला नव्हता. ती रेडिओ ऐकायची. थेरॉनचं ते शेवटचं वर्ष होतं, आणि गावात पहिल्यांदाच फाळाची भाषा सुरू झाली होती.

फाळ म्हणजे टेस्डाल नावाच्या एका जुन्या कोचच्या नावाचं पारितोषिक. आमच्या मैदानी मुलखातल्या लहान कॉलेजांमधून दर डिसेंबरात फळीतला सर्वांत चांगला गडी निवडतात आणि त्याला अक्रोडाच्या लाकडावर बसवलेला जुना नांगराचा फाळ देतात. चेंडू घेऊन पळणाऱ्यांसाठी चांदीचे पेले पुष्कळ. वाट नांगरणाऱ्यांसाठी हा एवढाच. सहा निवृत्त कोच टेपा बघून गुण देतात. आधी तीन नावं जाहीर होतात, मग त्यांतलं एक. वेल्बर्गचं नाव त्या तिघांत कधी आलं नव्हतं.

हंगामातला शेवटचा सामना मॉरो गावी होता. बर्फाळ पाऊस तिरका पडत होता. मध्यंतराच्या जरा आधी थेरॉनच्या नाकावर कुणाचं तरी कोपर बसलं आणि त्याची पांढरी जर्सी छातीपर्यंत लाल झाली. पंचाने शिट्टी मारून त्याला बाहेर काढलं. नियमच आहे, रक्ताची जर्सी घालून खेळता येत नाही. बदला, मग या.

बदलायला त्रेसष्ट नंबरची दुसरी पांढरी जर्सी नव्हती. लहान कॉलेजात प्रत्येकाला एक पांढरी आणि एक हिरवी. पेटीत होती ती लाइल बोसेनची सहासष्ट नंबरची, कारण लाइलचा घोटा मोडला होता आणि तो घरी पाय वर करून बसला होता. लाइल थेरॉनहून चांगला वीतभर अरुंद. चार पोरांनी जर्सी ओढली, ती खांद्यावरच्या चिलखतावर अडकली, तेव्हा अर्डिथने कात्री घेतली, दोन्ही बगला उसवल्या, जर्सी खाली खेचली आणि उभ्या उभ्या, पावसात, बोटं बधिर झालेली असताना टाके घातले. थेरॉन म्हणाला, "मिस अर्डिथ, सुई टोचली." ती म्हणाली, "समोरचा कोपर मारतो तेव्हा गप्प बसतोस, आणि माझ्या सुईला ओरडतोस?"

अशा वेळी एक रीत असते. नंबर बदलला की पंचाला सांगायचं आणि एक चिठ्ठी वर माइकवाल्याकडे पाठवायची: त्रेसष्ट आता सहासष्ट. मग माइकवाला ते सगळ्यांना सांगतो, रेडिओवाले आणि पेपरवाले लिहून घेतात. अर्डिथने पंचाला सांगितलं. चिठ्ठीही लिहिली. मग दोरा तुटला, दुसरा ओवायला चिठ्ठी एप्रनच्या खिशात टाकली, आणि तेवढ्यात खेळ सुरू झाला.

त्या उरलेल्या सामन्यात थेरॉन जसा खेळला तसा खेळ मी गेल्या वीस वर्षांत पाहिला नव्हता. तो समोरच्याला ढकलत नव्हता, उचलून बाजूला ठेवत होता, बाई खुर्ची सरकवते तसा. अकरा वेळा आमचा पळणारा पोरगा त्याच्या मागून सरळ निघून गेला. अर्डिथ कडेला उभी होती, तोंड किंचित उघडं, केसांवर बर्फाचे कण. ती सगळं विसरली. इतकी वर्षं कपडे बघणारी बाई त्या दिवशी खेळ बघत राहिली, आणि तेवढीच तिची चूक.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी पिताना रोझली तिच्याजवळ आली.

"अर्डिथ, काल माझा जीव टांगणीला लावलात गं तुम्ही लोकांनी. मध्यंतरानंतर रेडिओवर पोराचं नाव नाही की नंबर नाही. म्हटलं, मोडला हात किंवा पाय. संध्याकाळी फोनवर म्हणतो, 'आई, नुसती जर्सी बदलली.' नुसती म्हणे!"

"रेडिओवर काय म्हणत होते?"

"सहासष्ट, सहासष्ट! मॉरोच्या रेडिओवाल्यांनी बोसेनच्या लाइलचं इतकं कौतुक केलं, की विचारू नकोस."

अर्डिथने कप खाली ठेवला आणि कोट न घालताच ती जिमखान्याकडे निघाली. एप्रन धुण्याच्या टोपलीत पडला होता. चिठ्ठी खिशात होती, ओली होऊन वाळलेली, अक्षर न अक्षर वाचता येईल अशी.

गावाला यात मजाच वाटली. मॉरोच्या पेपरात लाइलचं नाव आलं. लाइल कुबड्या घेऊन कॅफेत आला तर लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. "काय लाइल, प्लास्टर घालून अकरा वाटा फोडल्यास म्हणे! दोन्ही पाय धड असते तर काय केलं असतंस?" लाइलही बेरकी. त्याने वाकून सगळ्यांचे आभार मानले आणि फुकटची पेस्ट्री खाल्ली, चेरीची, वर आइस्क्रीम घालून.

अर्डिथ हसली नाही. सोमवारी सकाळी ती कोच हॅडलीच्या खोलीत गेली. मी बसची किल्ली द्यायला आलो होतो, म्हणून मी ऐकलं.

"कोच, टेपा गेल्या का परीक्षकांकडे?"

"गेल्या. आज पोचल्या असतील. बुधवारी गुण लागतात."

"सोबत खेळाडूंची यादी गेली?"

"नेहमीसारखी."

"त्या यादीत सहासष्ट म्हणजे लाइल."

कोचचा हात डोक्याच्या टोपीकडे गेला. बराच वेळ तो टोपी पुढे-मागे करत राहिला. "अरे देवा," तो म्हणाला. "मीच दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या. जिंकल्याच्या नादात राहिलं."

"आता फोन करा."

"नाही करता येत, मिस अर्डिथ. गुण लागेपर्यंत परीक्षकांशी एक शब्द बोलायचा नाही. बोललं तर पोराचं नाव बाद. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजने परीक्षकांना नाताळची भेट म्हणून हॅम पाठवलं, त्यांचा खेळाडू बाद झाला."

"मी बोलते. मी कुठे कोच आहे?"

"कॉलेजच्या नोकरीतला कोणीही, असं माझ्या लक्षात आहे. धोका नको. नशिबावर सोडा."

अर्डिथ त्याच्या टेबलासमोर उभी राहिली. नशिबावर सोडणाऱ्यातली ती नव्हती. बटणसुद्धा ती नशिबावर सोडत नसे. तिने त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला, त्याचंच पेन घेतलं आणि दोन ओळी लिहिल्या.

"हे काय?"

"राजीनामा. आजपासून मी कॉलेजची कोणी नाही."

"मिस अर्डिथ, वेड लागलंय का तुम्हाला? एकतीस वर्षं!"

"म्हणूनच म्हणते. एकतीस वर्षांत एका पोराच्याही अंगावर मी दुसऱ्याचा कपडा जाऊ दिला नाही. हा गेला. आणि त्याचा अख्खा खेळ त्या कपड्याबरोबर गेला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इर्विन, तुझी पिकअप चालते का?"

"चालते."

"उद्या सकाळी सात वाजता."

परीक्षकांचा प्रमुख मर्विन ओस्टरगार्ड. नव्वद मैलांवर राहायचा, एका टेकाडावर. मंगळवारची सकाळ लख्ख होती, कापलेल्या मक्याचे खुंट दोन्ही बाजूंना करड्या केसांसारखे उभे. आणि अर्डिथ बोलत होती. गेलनबद्दल बोलली, भावांबद्दल बोलली, ब्याऐंशी सालच्या एका मुलाबद्दल बोलली, ज्याच्या जर्सीला तिने सोळा ठिगळं लावली आणि जो आता दातांचा डॉक्टर आहे. मध्येच थांबून म्हणाली, "इर्विन, थेरॉनने चार वर्षांत मला एकदाही विचारलं नाही, मी कसा खेळलो म्हणून. जे विचारतात त्यांचं मला काही वाटत नाही. जो विचारत नाही त्याचं कुणीतरी बघायला हवं ना?" तिने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ओस्टरगार्ड शिडीवर होता, हिवाळ्याच्या जोडखिडक्या बसवत. सत्तरीचा, वाकलेला, मान अशी की डोकं थेट खांद्यांत खुपसल्यासारखं.

"कोण?" तो वरूनच म्हणाला.

"वेल्बर्गहून आलो," मी म्हणालो.

"मग तोंड उघडू नका. आल्या वाटेने जा. नाहीतर ती खिडकी धरा आणि मग जा."

आम्ही खिडकी धरली. त्याने चार स्क्रू पिळले. मग अर्डिथ खालून म्हणाली, "मी कॉलेजची कोणी नाही. कालच नोकरी सोडली."

"काय नोकरी होती?"

"धुणं आणि शिवण."

"किती वर्षं?"

"एकतीस."

"आणि सोडली कशाला?"

"तुमच्याशी बोलता यावं म्हणून."

ओस्टरगार्ड शिडीवरून खाली उतरला, हळूहळू, एकेक पायरी मोजत. खाली आल्यावर त्याने तिला नीट पाहिलं. "बोला," तो म्हणाला.

तिने एका दमात सांगितलं. रक्त, जर्सी, दोरा, चिठ्ठी. चिठ्ठी तिने पुराव्यासारखी पुढे धरली. "सहासष्ट म्हणून जो दिसतो तो त्रेसष्ट आहे, मिस्टर ओस्टरगार्ड. लाइल बोसेन त्या दिवशी घरी होता, डॉक्टरला विचारा. चूक माझी आहे. पोराला शिक्षा नको. मला काय करायची ती करा."

त्याने चिठ्ठी घेतली नाही. "आत या," तो म्हणाला.

त्याच्या तळघरात एक जुनी खुर्ची, एक टीव्ही आणि टेपांचा ढीग होता. टीव्हीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्या खाचेत पुठ्ठ्याचा एक तुकडा वर-खाली सरकत होता, कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा, कोंबडा अजून त्यावर छापलेला. ओस्टरगार्डने टेप लावली. मॉरोचं मैदान, बर्फाळ पाऊस, मागून घेतलेलं चित्र. फळी खाली वाकली तसा त्याने पुठ्ठा सरकवला. पाठी झाकल्या गेल्या, नंबर झाकले गेले. उरल्या फक्त कमरा, पाय आणि चिखलातल्या टाचा.

"पंधरा वर्षं मी असंच बघतो," तो म्हणाला. "नंबर दिसला की नाव आठवतं. नाव आठवलं की त्याचा बाप आठवतो, त्याचं गाव आठवतं, आणि मग माणूस गुण देताना लबाडी करतो. कोंबड्याला कुणाचं गाव माहीत नाही. खेळ कमरेखाली असतो, बाई. वरचं सगळं कापड."

अर्डिथ पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हा आमचा थेरॉन," ती म्हणाली. "उजव्या गुडघ्याच्या मागे माझा टाका आहे. आडवा."

"टाका मला दिसत नाही. पण हा डावी टाच आधी जरा बाहेर टाकतो आणि मग उठतो. सप्टेंबरपासून टाकतोय. मध्यंतराआधी टाकतो, मध्यंतरानंतरही टाकतो." त्याने शेजारचा तक्ता उचलून तिच्यासमोर धरला. वर नंबर नव्हते. लिहिलं होतं: डावा गार्ड, म्हणजे थेरॉनची जागा. आणि खाली मॉरोच्या सामन्याचे गुण, पहिल्या डावापासून शेवटच्यापर्यंत, एका रांगेत, सलग.

"बाकीचे पाच जण?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक.

"दोघांचा काल फोन आला. हा सहासष्ट कोण उगवला, म्हणाले. मी म्हटलं, गाढवांनो, चाळीस वर्षं फळी शिकवलीत आणि अजून पाठीवरचे आकडे वाचता? टाच बघा. पंधरा मिनिटांनी दोघांचा परत फोन. तोच आहे म्हणाले. उरलेले तिघे माझ्याकडेच शिकले, त्यांनी विचारलंही नाही."

अर्डिथ त्याच्या खुर्चीत बसली. विचारून बसायची तिची रीत, पण त्या वेळी ती नुसती बसली. दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत गेलेलं मला दिसलं, बैलाच्या मानेवरचं जू काढल्यावर तो जसा आधी हलतही नाही, तसं.

"तुम्ही नोकरी का सोडलीत पण?" ओस्टरगार्डने विचारलं.

"नियम आहे ना. नोकरीतला कोणीही."

"कोण म्हणालं? नियम मी लिहिलाय. 'कोणीही कोच,' असं लिहिलंय. धुण्याशिवणाच्या बाईने यावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आलं असतं तर खास परवानगी लिहिली असती." मग तो जरा थांबला. "तुमच्या मुलाचं काय होईल ते मी सांगणार नाही. त्याचे गुण त्याच्या नावावर आहेत, एवढंच."

"एवढंच हवं होतं," अर्डिथ म्हणाली.

परत येताना ती दहा मैल गप्प होती आणि मला हायसं वाटलं. मग म्हणाली, "इर्विन, कुठेतरी थांब." रस्त्यावरच्या पहिल्या कॅफेत तिने चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, मागवली आणि आमच्याकडे चिलीबरोबर खातात तो दालचिनीचा गोड रोल. दोन वाडगे संपवले. तिसरा रोल बुडवताना म्हणाली, "कसली माणसं! टीव्हीला कोंबडा लावतात." आणि हसायला लागली, इतकी की वाढणारी पोरगी बघायला आली. गाडीत बसल्यावर काचेला डोकं टेकून ती वेल्बर्ग येईपर्यंत झोपली.

थेरॉनला फाळ मिळाला का, असं लोक मला अजून विचारतात. तिघांत त्याचं नाव आलं. फाळ गेला डकोटाच्या एका मुलाला. डिसेंबरात फाळ देतात त्या जेवणाला मी त्याचे सामने पडद्यावर पाहिले आणि खरं सांगायचं तर तो थेरॉनपेक्षा सरस होता. ऑक्टोबरात एका सामन्यात थेरॉन तीनदा मागे ढकलला गेला होता, त्याच्या स्वतःच्या त्रेसष्ट नंबरमध्ये. तो हरला तो त्या सामन्यामुळे. ती हार त्याची स्वतःची होती. रोझलीने पाळी बदलून घेतली होती आणि ती पहिल्या टेबलावर बसून रडत होती, आणि थेरॉन शेजारी म्हणत होता, "आई, दुसरा आलोय. भाषण करावं लागलं नाही. यापेक्षा चांगलं काय असतं?"

पण हे नंतरचं. त्या मंगळवारी दुपारी मी अर्डिथला जिमखान्यापाशी सोडलं आणि तिच्याबरोबर खाली तळघरात गेलो. कोच हॅडली तिथे बसला होता, धुण्याच्या यंत्रासमोर, स्टुलावर, भेदरलेला. यंत्र बंद होतं. तिचा राजीनामा त्याच्या हातात होता आणि त्यावर कॉफीच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"गुण पोराच्या नावावरच आहेत. आधीपासूनच होते."

कोचने डोळे मिटले. मग कागद पुढे केला. "हा मी कुणाला दाखवला नाही. फाडू का?"

"फाडता कशाला चांगला कागद?" अर्डिथ म्हणाली. तिने तो घेतला, मागची कोरी बाजू यंत्राच्या झाकणावर सपाट केली आणि कानामागची पेन्सिल काढून लिहायला लागली. पांढरा दोरा, जाड. सुया, मोठ्या नेढ्याच्या. त्याखाली जरा जोर देऊन: फळीतल्या पाचही जणांना दुसरी पांढरी जर्सी. ज्याची त्याच्या नंबरची.

"पाच?" कोच म्हणाला.

"पाच. आणि उठा तिथून, मला यंत्र लावायचंय."